न चमकणारं विष

भद्रावतीहून पूर्वेला मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे निघालं की कोळशाचा पट्टा मागे पडतो आणि धानाचा सुरू होतो. धान अजून बांधीत उभं असतानाच तिथल्या ओल्या जमिनीत लाखोरी फेकतात. ना नांगरट, ना खत, ना पाणी. धान कापून नेलं की खाली लाखोरी उगवून आलेली असते आणि उरलेल्या ओलीवर ती थंडीभर तग धरते. कोवळ्या पानांची भाजी होते, दाण्याची डाळ होते, उरलेलं गुरांना जातं. कुणी हिला लाखोळी म्हणतं, कुणी लाख. हिंदी मुलखात ती खेसारी किंवा तिवडा.

या फुकटच्या पिकावर सरकारची बंदी आली. १९६१ पासून केंद्राच्या अन्नभेसळ नियमांत तिच्या विक्रीला मनाई झाली. राज्यांनी अधिसूचना काढून ती लागू करायची होती. महाराष्ट्रानं केली, काही राज्यांनी अनेक वर्षं केली नाही. मनाई विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. त्यामुळे शेतकरी पिकवत राहिला आणि पडेल भावानं विकत राहिला. तूर-चण्यात अख्खा दाणा मिसळला तर त्याच्या पाचरीसारख्या आकारावरून निदान ओळखू येतो. बेसनात दळला गेला की डोळ्यांचं काम संपलं.

बंदीमागचं कारण खोटं नव्हतं, हे आधी मान्य करायला हवं. आयुर्वेदात ‘कलायखंज’ नावाचा लंगडेपणा आहे आणि कलाय म्हणजे याच जातकुळीतलं कडधान्य. १८२९ पासून सलग तीन वर्षं सागर भागात गारपीट, अवर्षण आणि तांबेरा यांनी गहू बुडाला. तगली ती फक्त तिवडा. लोकांनी तीच खाल्ली आणि १८३३ च्या सुमारास तरुण माणसांचे कमरेखालचे पाय जाऊ लागले. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं हे लिहून ठेवलं आहे. पुढे रीवा-सतनाकडे मालक वेठबिगारांना मजुरीच खेसारीत देत, आणि तिथेही पाय जात राहिले. एकदा गेलेले पाय परत येत नाहीत.

इथे दोन वेळा थांबून वाचण्यासारखी गोष्ट अशी की दुष्काळ तिवड्याला मारत नाही, उलट तिचं विष वाढवतो. जमीन कोरडी पडली किंवा तिच्यात जस्त कमी असलं की दाण्यातलं विष वाढू शकतं. म्हणजे ज्या वर्षी खायला दुसरं काही नसतं, त्याच वर्षी हे पीक सर्वात घातक. साधारण समज असा की आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोरीचा झाला आणि असं तीन-चार महिने चाललं, तर धोका. भाताबरोबर अधूनमधून वाटीभर वरण खाणाऱ्याची गोष्ट वेगळी. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी हेच सांगत वर्षानुवर्षे बंदीविरुद्ध लढले, त्यासाठी उपोषणाला बसले. त्यांचा सगळाच युक्तिवाद मला पटतो असं नाही. पण प्रश्न ‘विष आहे का’ हा नसून ‘किती आहे’ हा आहे, एवढं त्यांच्या लढ्यामुळे ठळक झालं.

आता ‘किती’ हे कसं कळायचं?

१९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सर्मा यांनी लाखोरीतला दोषी रेणू वेगळा काढला. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. तो आपल्या मेंदूतल्या ग्लुटामेट या निरोप्यासारखा दिसतो, आणि स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना इतकं डिवचतो की त्या मरतात. बंदी १९६१ ची, विषाची ओळख १९६४ ची. हा क्रम लक्षात ठेवा. मोजायची सोपी रीत त्याहूनही उशिरा, १९७८ मध्ये, राव यांनीच दिली : अर्क अल्कलीत उकळायचा, मग एक रसायन घालायचं आणि येणारा पिवळा रंग यंत्रावर मोजायचा. प्रयोगशाळेत हे उत्तम चालतं. बाजार समितीच्या ओट्यावर, पोत्यापुढे उभं राहून कोण उकळत बसणार? सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलायचं तर तपासणीच महाग असल्यामुळे व्यवस्थेनं सगळाच ट्रॅफिक ब्लॉक करून टाकला.

याउलट अफ्लाटॉक्सिनची कथा पाहा. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले आणि संशय ब्राझीलहून आलेल्या बुरशीच्या शेंगदाणा पेंडीवर गेला. पेंडीचा अर्क अतिनील दिव्याखाली धरला तर विषाचे ठिपके चमकले, काही निळे, काही हिरवे. अफ्लाटॉक्सिनच्या नावापुढची बी आणि जी ही अक्षरं ब्लू आणि ग्रीनचीच आहेत. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली, तेव्हा कशाचा शोध घ्यायचा हे तरी माहीत होतं. हे विष स्वतःचा पत्ता देतं. ओडॅप असा चमकत नाही. त्याला उजेड उसना द्यावा लागतो.

तो द्यायला निघालेत ते नॅनोकण. काही नॅनोमीटरचे अर्धवाहक स्फटिक, त्यांना क्वांटम डॉट म्हणतात. पदार्थ तोच, पण कण लहान केला तर निळा चमकतो, मोठा केला तर लाल. १९८० च्या दशकात एकिमोव्ह आणि ब्रूस यांनी हा परिणाम स्वतंत्रपणे दाखवला, १९९३ मध्ये बावेंडी यांनी एकसारखे कण बनवायची रीत शोधली आणि २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. गंमत म्हणजे या कणांत बरेचदा कॅडमियम असतं. विष शोधायला विषच. म्हणून लोक कार्बनच्या कणांकडे वळले. ते २००४ मध्ये अमेरिकेत नॅनोनळ्या साफ करताना अपघातानंच सापडले होते.

आणि २०१३ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटानं असे चमकणारे कण चक्क दगडी कोळशातून काढले. कोळसा तीव्र आम्लांत टाकला आणि त्याच्यातले बारीक ग्राफीनचे तुकडे सुटे झाले. भद्रावतीच्या आजूबाजूला माजरीपासून कोळशाच्या खाणीच खाणी आहेत. इथला कोळसा आजवर बहुतेक बॉयलरमध्येच गेला. त्यातून दिव्याची वीज येते, हे सगळ्यांना माहीत आहे. कोळसा स्वतःच थंड राहून चमकू शकतो, ही बातमी इथे अजून फारशी कुणाला नाही.

सेन्सर बनतो तो असा : कणाच्या पृष्ठभागावर एखादा पकडणारा रेणू बसवायचा, जो नेमकं ते विषच धरतो. विष चिकटलं की कणाची चमक विझते किंवा विझलेली परत येते. किती फरक पडला, त्यावरून किती विष, याचा अंदाज. फरक मोजायला एक स्वस्त अतिनील एलईडी आणि तुमच्या हातातला फोनचा कॅमेरा पुरू शकतो. पारा, कीटकनाशकं, अफ्लाटॉक्सिन यांच्यासाठी अशी साधनं प्रयोगशाळांत वारंवार दाखवली गेली आहेत.

पण प्रयोगशाळेतलं पाणी स्वच्छ असतं, आपलं वरण नसतं. हळदीतलं कर्क्युमिन अतिनील उजेडात स्वतःच पिवळं-हिरवं चमकतं. पालेभाजीतलं हरितद्रव्य लाल चमकतं. म्हणजे शिजवलेली डाळ दिव्याखाली धरली तर आधी दिसणार ती फोडणी. शिवाय विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. एका बांधीतली लाखोरी एका प्रमाणात, शेजारच्या कोरड्या बांधीतली दुसऱ्या. वरचा मूठभर नमुना तपासून पोत्याला शिक्का मारणारा सेन्सर कितीही बारीक असला तरी तो त्या मुठीपुरताच खरा.

दुसऱ्या वाटेनं कृषिशास्त्रज्ञही चालले. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं ‘रतन’ आणि रायपूरच्या विद्यापीठानं ‘प्रतीक’, ‘महातेवडा’ हे कमी ओडॅपचे वाण काढले. पण त्यांचा दाणा गावठी दाण्यापेक्षा डोळ्यांना वेगळा दिसत नाही, आणि मधमाश्या शेजारच्या शेतातून पराग आणतात. दोन-चार हंगामांत पोत्यात काय आहे हे पेरणाऱ्यालाही छातीठोक सांगता येत नाही. २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडून बंदी उठवायला अनुकूल मत आल्याच्या बातम्या झळकल्या. पण २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांमधला मनाईचा शब्द ‘केसरी’ असाच आहे. किती ओडॅपची केसरी, हा आकडा त्यात नाही.

थंडीत ब्रह्मपुरीकडच्या आठवडी बाजारात लाखोरीची भाजी मिळते. ती घेताना कुणी दिवा मागत नाही. डाळीचं पोतं मात्र व्यापाऱ्याकडे जाताना आपलं नाव सोडून जातं.