स्पॉकच्या ग्रहाचं कूळ

‘स्टार ट्रेक’मधला टोकदार कानांचा स्पॉक व्हल्कन ग्रहाचा, हे मालिका पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. त्या नावाचा ग्रह मात्र लेखकांच्याही आधी गणित्यांनी मांडला होता, आणि तो शोधण्यात खगोलशास्त्रज्ञांची जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

सुरुवात बुधापासून झाली. बुधाची लंबगोल कक्षा स्वतःही हळूहळू फिरते. इतर सगळ्या ग्रहांची ओढ हिशेबात धरली तरी शतकाला ३८ विकलांचा फरक उरतो, असं १८५९ साली फ्रान्सच्या उर्बँ ल व्हेरिएने दाखवलं. ३८ विकला म्हणजे एका अंशाचा साधारण शंभरावा भाग. एवढ्याशा फरकासाठी आख्खा नवा ग्रह कल्पायचा? पण याच माणसाने युरेनसच्या चुकत्या चालीवरून नेपच्यूनची जागा कागदावर काढून दिली होती, आणि १८४६मध्ये बर्लिनच्या दुर्बिणीला तो तिथेच, एक अंशाच्या आत सापडला होता. तेव्हा बुधाच्याही आत, सूर्याच्या कुशीत एखादा ग्रह असावा, हा त्याचा तर्क मला अगदी रास्त वाटतो.

लगेच साक्षीदारही मिळाला. ऑर्जेर गावच्या लेस्कार्बो नावाच्या डॉक्टरने त्याच वर्षी २६ मार्चला सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना पाहिला होता. ल व्हेरिए डिसेंबरमध्ये न कळवता त्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्याने उलटतपासणी सुरू केली. वेळ कशी मोजली? डॉक्टरच्या खिशातल्या घड्याळाला सेकंदकाटाच नव्हता. त्याने रेशमी दोऱ्याला बांधलेला हस्तिदंती गोळा दाखवला. हा लंबक खिळ्याला टांगून तो सेकंद मोजत असे. गणितं कुठे केली? लाकडी फळ्यांवर. काम झालं की फळी रंधून पुन्हा कोरी! रुग्ण तपासता तपासता उरलेल्या वेळात, हाताने जुळवलेल्या सामानावर आकाश पाहणारा हा माणूस लबाड नव्हता, याची ल व्हेरिएला खात्री पटली. मलाही तो या सगळ्या कथेतला सर्वांत लोभस माणूस वाटतो. नव्या ग्रहाला रोमन अग्निदेवाचं नाव मिळालं, व्हल्कन. सूर्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्याला ते शोभणारंच होतं.

पुढे प्रत्येक खग्रास ग्रहणात त्याचा शोध चालला. १८७८मध्ये अमेरिकेत दोघांनी तो दिसल्याचं सांगितलं, पण त्यांची मापं जुळेनात. अखेर नोव्हेंबर १९१५मध्ये आइन्स्टाइनने सापेक्षतेच्या नव्या सिद्धान्तातून बुधाचा तो फरक (तोवर सुधारून ४३ विकला झालेला) बिनचूक काढून दाखवला. सूर्याजवळ अवकाशच वक्र असतं म्हटल्यावर ग्रहाची गरज उरली नाही.

नाव मात्र राहिलं. जीन रॉडनबेरीने १९६४मध्ये ‘स्टार ट्रेक’चा पहिला आराखडा लिहिला तेव्हा स्पॉक अर्धा मंगळवासी असावा असा विचार होता. मालिका ८ सप्टेंबर १९६६ला सुरू झाली, आणि तो व्हल्कनवासी बाप आणि पृथ्वीवरची आई यांचा मुलगा ठरला. त्याचा ग्रह पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो १५ सप्टेंबर १९६७च्या भागात: लाल आकाश, तापलेले खडक, विरळ हवा. चार बोटं दोन-दोन करून फाकवण्याचा व्हल्कनी नमस्कारही त्याच भागात आला. तो स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉयने सुचवला. बॉस्टनमध्ये लहानपणी ज्यू प्रार्थनामंदिरात आशीर्वाद देणाऱ्या पुरोहितांचे हात त्याने चोरून पाहिले होते. परग्रहाच्या रीतिभातींना अशी खरीखुरी माणसाची ऊब मिळाली, म्हणून त्या टिकल्या असं मला वाटतं.

हा ग्रह फिरतो कोणत्या ताऱ्याभोवती? १९९१मध्ये रॉडनबेरीने तीन खगोलशास्त्रज्ञांसह एका खगोलविषयक मासिकाला पत्र लिहून ४० एरिडॅनी हे उत्तर दिलं. तारा साधारण १६ प्रकाशवर्षांवर आहे, आणि वयानेही सूर्याच्या जवळपासचा. म्हणजे बुद्धिमान जीव घडायला पुरेसा वेळ. मृगातल्या राजन्याच्या पश्चिमेला, शहराच्या उजेडापासून दूर गेलं तर हिवाळ्यात तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. २०१८मध्ये त्याच ताऱ्याभोवती ४२ दिवसांत फेरी मारणारा ग्रह असल्याची खूण मिळाली आणि चाहत्यांनी जल्लोष केला. २०२४च्या बारकाईच्या तपासणीत ती खूण ताऱ्याच्याच पृष्ठभागावरच्या खळबळीची निघाली. तारा स्वतःभोवती फिरतो तोही साधारण ४२ दिवसांतच.