गाडीच्या पाटीवरचं नाव

मिरज आणि साताऱ्याच्या फलाटावर गोवा एक्सप्रेस थांबते, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली असेल. डब्यावरच्या पाटीवर एका टोकाला हजरत निजामुद्दीन आणि दुसऱ्या टोकाला वास्को द गामा असं लिहिलेलं असतं. निजामुद्दीन हे दिल्लीतलं ठिकाण, एका अवलियाच्या नावाचं. पण हे वास्को काय आहे, गाव की माणूस, असा प्रश्न आमच्या एका गटाच्या बैठकीत निघाला. एकजण म्हणाली, भारताचा शोध लावणारा. त्यावर दुसरी पटकन म्हणाली, "आपण काय हरवलो होतो होय?" बैठक हसण्यात संपली, पण प्रश्न राहिला. म्हणून आजचं बोलणं या माणसावर.

वास्को द गामा पोर्तुगालचा, समुद्रकाठच्या सीनिश गावात जन्मलेला. तेव्हा मिरी, लवंग, दालचिनी हा माल आपल्या किनाऱ्यावरून अरब व्यापाऱ्यांच्या हातून, मग इजिप्त आणि इटलीमार्गे युरोपात जायचा. प्रत्येक टप्प्यावर भाव चढायचा. मधले दलाल टाळून थेट मालापर्यंत पोचायचं, हा पोर्तुगालच्या राजाचा हिशोब. बाजारात हळद विकणाऱ्या बाईला तो समजावून सांगायला नको.

८ जुलै १४९७ ला वास्को चार जहाजं आणि सुमारे १७० माणसं घेऊन लिस्बनहून निघाला. आफ्रिकेचं दक्षिण टोक वळसा घालून पार केलं. ख्रिसमसच्या सुमारास ज्या किनाऱ्याजवळून गेले त्याला त्यांनी नाताळ हे नाव दिलं; आपण डिसेंबरात म्हणतो तोच हा पोर्तुगीज शब्द. पुढे पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरात तिथल्या सुलतानानं त्याला एक वाटाड्या दिला. काही पोर्तुगीज इतिहासकार या वाटाड्याला गुजराती म्हणतात. त्याच्या भरवशावर जहाजांनी २३ दिवसांत समुद्र ओलांडला आणि २० मे १४९८ ला ती केरळात कालिकतजवळ पोचली.

मग शोध कसला लागला? आफ्रिकेला वळसा घालून युरोपातून इथवर अखंड समुद्रानं येणारा तो पहिला, हे खरं आणि ते धाडसाचं काम होतं. पण मालिंदीपासून कालिकतपर्यंतची वाट आपल्याकडच्या आणि अरबांच्या खलाशांच्या पायाखालची होती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खननात रोमन समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती सापडली, ती वास्कोच्या हजारेक वर्षं आधीची. म्हणजे आपल्या शेजारच्या गावापर्यंत पश्चिमेचा माल येत होता. कालिकतला तर वास्कोच्या माणसाला पहिल्याच दिवशी स्पॅनिश बोलणारे दोन ट्युनिसचे लोक भेटले. तू इथं कसा तडमडलास, असंच काहीसं त्यांनी विचारलं.

कालिकतच्या गोष्टी मजेच्याही आहेत. वाटेत यांना एका देवळात नेलं. तिथली देवीची मूर्ती पाहून यांना वाटलं ही मेरीमाता, आणि त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. मग राजाला, म्हणजे झामोरीनला, द्यायच्या भेटी काढल्या: पट्ट्यापट्ट्यांचं कापड, काही टोप्या, हात धुवायची भांडी, पोवळ्याच्या माळा, साखर, तेल, मध. राजाचे कारभारी हसायला लागले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त आणतो, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. हे सगळं वास्कोच्याच ताफ्यातल्या एका माणसाच्या रोजनिशीत आहे, म्हणजे घरचीच साक्ष.

परतीला मात्र त्यानं जाणकारांचं ऐकलं नाही. पावसाळ्यात वारा आफ्रिकेकडून आपल्याकडे येतो आणि थंडीत इकडून तिकडे वाहतो. जो वारा महाबळेश्वरला धो-धो पाऊस पाडतो आणि माण, खटाव, जतला कोरडं ठेवतो, तोच हा. तो फिरायची वाट न बघता वास्को ऑगस्टअखेर कालिकतहून निघाला. येताना २३ दिवसांत झालेला समुद्र जाताना तीन महिने संपेना. ताजी फळं-भाजी नाही, हिरड्या सुजून त्यातून रक्त, अंग काळंनिळं. ज्यावर एक आवळा किंवा लिंबू उपाय, त्या आजारानं माणसं पटापट गेली. एक जहाज चालवायला माणसं उरली नाहीत म्हणून जाळून टाकावं लागलं. निघालेल्यांपैकी निम्म्याहून कमी घरी पोचले. वास्कोचा सख्खा भाऊ पावलोसुद्धा वाटेतच गेला.

इथवरचा वास्को शाळेच्या पुस्तकात भेटतो. दुसऱ्या सफरीचा सहसा भेटत नाही.

मधल्या काळात, १५०० साली, काब्राल नावाचा दुसरा पोर्तुगीज कप्तान कालिकतला आला होता. तिथं व्यापाऱ्यांशी भांडण पेटलं, जमावानं पोर्तुगीजांची वखार फोडून माणसं मारली आणि काब्रालनं शहरावर तोफा डागल्या. त्याचा सूड मनात धरून १५०२ साली वास्को तोफांनी भरलेला मोठा ताफा घेऊन परत आला. कन्नूरजवळच्या समुद्रात त्याला मिरी नावाचं जहाज सापडलं. मक्केची यात्रा करून घरी परतणारे लोक त्यात होते, अडीचशेच्या आसपास पुरुष, शिवाय बायका आणि लेकरं. कालिकतच्या वखारीशी या यात्रेकरूंचा काय संबंध? जहाजावरच्या धनवान व्यापाऱ्यांनी सुटकेसाठी मोठी रक्कम देऊ केली. वास्कोनं ती नाकारली, माल उतरवून घेतला आणि माणसांसकट जहाज पेटवायचा हुकूम दिला. लोकांनी आग विझवली, दगड मारून झुंज दिली. ते काही दिवस चाललं. ताफ्यातल्या एका जहाजावर तोमे लोपेश नावाचा कारकून होता, त्यानं हे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं आहे. बायका अंगावरचे दागिने काढून दाखवत होत्या, तान्ही बाळं हातांवर उचलून धरत होत्या, की यांच्यावर तरी दया करा. वास्को हलला नाही. वीसेक मुलं तेवढी काढून घेतली, ख्रिस्ती करण्यासाठी. बाकी सगळे गेले.

तो काळच तसा होता, असं म्हणणारे आहेत. ते आम्हाला पटत नाही. त्याच काळातल्या त्याच्याच कारकुनाला हे पाहून लिहावंसं वाटलं, ते मनाला लागल्याशिवाय नाही. आणि त्या बायकांपैकी एकीचंही नाव आम्हाला कुठं वाचायला मिळालं नाही. मालिंदीच्या वाटाड्याच्या नावावर अजून वाद आहे. वास्कोचं नाव मात्र बंदराला, स्टेशनला, गाडीला.

पुढे पोर्तुगीजांनी समुद्रावर कार्ताझ नावाचा परवाना काढला. जहाज चालवायचं तर पैसे भरून त्यांचा कागद घ्या, नाहीतर जहाज जप्त. ज्या रस्त्यानं आपली आजी-पणजी बिनदिक्कत ये-जा करत होती, तिथं परक्यानं येऊन टोलनाका बसवावा, तसं हे. १५१० साली अल्बुकर्कनं विजापूरच्या आदिलशहाकडून गोवा घेतलं. वास्को १५२४ साली व्हाइसरॉय होऊन पुन्हा आला, तीनच महिने जगला आणि २४ डिसेंबरला कोचीत मेला. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं. पुढे अस्थी पोर्तुगालला नेल्या, इथं नुसता दगड राहिला.

आता आपल्या चुलीकडे येऊ, कारण वाद इथंच रंगतो. पोर्तुगीज आले नसते तर मिरची आली नसती, मग आपला कांदा-लसूण मसाला कुठला, असं एका ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. उपवासाची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबस तिकडं पोचायच्या आधी आपल्या बायका चतुर्थीला काय खात होत्या, हा विचार करून बघा! मका, पेरू, पपई, काजू हेही तिकडचेच. जिच्यापासून मशेरी भाजतो ती तंबाखूही. ती विजापुरात इतकी लवकर रुजली, की १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग तिथून ती बादशहाला दाखवायला घेऊन गेला. ही एक भेट आली नसती तरी चाललं असतं.

पण यातलं काहीच वास्कोनं आणलं नाही. तो पहिल्यांदा आला तेव्हा पोर्तुगीजांना ब्राझील ठाऊकसुद्धा नव्हतं. ही बियाणी पुढच्या शंभर-दोनशे वर्षांत खलाशी, पाद्री, व्यापारी यांच्या गाठोड्यांतून आली, काही याहून उशिरा. आणि आल्यावर ती आपल्या मातीत टिकवली कुणी? पहिल्या तोडीतली चांगली मिरची बाजूला काढून, वाळवून, मडक्यात ठेवणाऱ्या बायांनी. श्रेय द्यायचंच तर तिथं द्यावं, असं आमचं मत आहे.

शब्दही असेच आले. पगार, चावी, घमेलं, मेस्त्री, पाव हे सगळे पोर्तुगीज. सांगलीच्या बाजारात हळदीचा लिलाव होतो, तो लिलावसुद्धा.

१९९८ साली त्याच्या येण्याला पाचशे वर्षं झाली. पोर्तुगालनं मोठा सोहळा केला, लिस्बनमध्ये त्याच्या नावाचा लांबलचक पूल बांधला. केरळात आणि गोव्यात मात्र निषेध झाला. गोव्यातल्या वास्को शहराचं नाव बदलून संभाजी ठेवावं ही मागणीही जुनी आहे. आमच्या गटांत यावर एकमत नाही. काहीजणी म्हणतात बदलाच. आम्हाला वाटतं, पाटी बदलली की पोरं विचारायचीही थांबतील. नाव राहू दे, पण मिरी जहाजाची गोष्ट शाळेत सांगा. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयची कमान आहे, वास्कोच्याच पणतूनं उभारलेली. नदीकडच्या अंगाला वास्कोचा पुतळा आहे. गटाची सहल गेली तर कमानीच्या आतल्या अंगालाही जाऊन बघा. तिथं तलवार घेतलेली एक संत बाई उभी आहे आणि तिच्या पायाखाली एक पागोटेवाला माणूस आहे. तो माणूस म्हणजे आपण.

तेवढ्या लांब जाणं जमलं नाही तर वाईजवळ मेणवलीला जा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. त्यातली एक मेणवलीच्या घाटावर आहे. तिच्या अंगावर बाळ कडेवर घेतलेल्या मेरीचं चित्र उठवलेलं आहे, जवळ गेलं की दिसतं.