धनुष्य घडविणारा हात

आपल्या पुराणांत धनुष्यांस नांवें आहेत, मान आहे, वंशपरंपराही आहे; धनुष्य घडविणाऱ्या माणसास मात्र नांव नाहीं. जनकाच्या घरचें धनुष्य विश्वकर्म्यानें केलें, गांडीव ब्रह्मदेवानें निर्मिलें, असें सांगून कवि मोकळे होतात. कौटिल्यानें ताड, वेळू, लांकूड व शिंग हीं धनुष्याचीं चार द्रव्यें मोजून दिलीं; पण वेळू कोणत्या बाजूनें तासावा आणि शिंग कशानें सांधावें हें सांगण्याच्या भानगडींत तो पडला नाहीं. जो लिहीत असे तो वाकस धरीत नसे, आणि जो वाकस धरीत असे त्यास लिहितां येत नसे. इंग्लंडांतही फारसें निराळें नव्हतें. रॉजर ॲस्कम यानें १५४५ सालीं धनुर्विद्येवर ‘टॉक्सॉफिलस’ हा ग्रंथ लिहिला, तो मोठा रसाळ आहे. परंतु ॲस्कम पडला विद्वान्. धनुष्य विकत घेतांना कसें पारखावें हें तो सांगतो, करणाऱ्याची विद्या करणाऱ्यावर सोंपवितो. त्याच वर्षीं ‘मेरी रोझ’ नांवाचें इंग्लंडच्या राजाचें लढाऊ जहाज समुद्रांत बुडालें. तें १९८२ सालीं वर काढलें. त्याच्या अवशेषांत दीडशेंहून अधिक लांकडी धनुष्यें सांपडलीं. वस्तु राहिली, ग्रंथ राहिला. हात मात्र मधल्यामधें गेला.

हा हात एकदां तरी डोळ्यांसमोर चालतांना पाहून त्याची नोंद झाली, ती सॅन फ्रान्सिस्को शहरांत, १९१२ ते १९१६ या चार वर्षांत. लांकडी धनुष्य स्वतः तासून करण्याचा छंद आज अमेरिकेंत कितीएक लोकांस आहे. त्या छंदाची एक मोठी मुळी त्या चार वर्षांपर्यंत जाऊन पोंचते, आणि तेथें ती एका उजाड झालेल्या मातींत शिरते.

२९ ऑगस्ट १९११ रोजीं उत्तर कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवाजवळच्या खाटिकखान्याच्या आवारांत एक पन्नाशीचा, उपाशी, जवळजवळ उघडा माणूस सांपडला. त्याची भाषा कोणास समजेना. तो याही नांवाच्या जमातीचा शेवटचा मनुष्य होता. १८४९ मध्यें सोन्याच्या लोभानें गोऱ्या लोकांचे लोंढे कॅलिफोर्नियांत लोटले, आणि मिल क्रीक व डीअर क्रीक या ओढ्यांच्या खोऱ्यांत राहणाऱ्या या लहानशा जमातीची पुढील वीस-पंचवीस वर्षांत सरसहा कत्तल झाली. उरले ते मूठभर लोक चाळीस वर्षें झाडींत लपून राहिले. १९०८ सालीं जमिनीची मोजणी करणाऱ्या एका टोळीस त्यांची लपण्याची जागा आढळली. आजारी म्हातारी पांघरुणाखालीं पडली होती, बाकीचे पळाले होते. टोळीनें तिला हात लावला नाहीं; पण धनुष्यें, बाण, टोपल्या, कातडीं, जें हातीं लागलें तें कौतुकाची वस्तु म्हणून उचलून नेलें. ज्यांचें पोट धनुष्यावर चालतें त्यांचें धनुष्य नेणें म्हणजे काय, हा विचार त्या सभ्य गृहस्थांच्या मनास शिवला नसावा. म्हातारी त्याची आई होती. पुढें तोही एकटा उरला.

विश्वविद्यालयाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर व वॉटरमन यांनीं त्यास सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयांत आणलें. आपलें नांव त्यानें अखेरपर्यंत कोणास सांगितलें नाहीं. स्वतःचें नांव स्वतः उच्चारण्याची त्याच्या लोकांत रीत नव्हती. नवऱ्याचें नांव न घेणाऱ्या आपल्या आजीबाईंस यांत कांहींच नवल वाटलें नसतें. क्रोबरनें त्यास ‘इशी’ म्हटलें. त्या भाषेंत इशी म्हणजे माणूस. तो संग्रहालयांत झाडलोटीचें काम करी आणि रविवारीं जमणाऱ्या लोकांस दगडाचीं व कांचेचीं बाणाग्रें घडवून दाखवी.

संग्रहालयाशेजारींच वैद्यकीय विद्यालय होतें. तेथील शस्त्रवैद्य सॅक्स्टन पोप याच्याकडे इशीच्या प्रकृतीची देखरेख आली. वैद्य आणि रोगी यांचा संबंध पाहतां पाहतां उलटा झाला: वैद्य शिष्य झाला. इशी त्यास लाडानें ‘पोपी’ म्हणे. पोपनें त्याच्याजवळ बसून धनुष्य कसें होतें तें पाहिलें, स्वतः करून पाहिलें आणि १९१८ सालीं तें सर्व लिहून प्रसिद्ध केलें.

इशीचें धनुष्य डोंगरी जुनिपरच्या लांकडाचें, आंखूड आणि चपटें असे. लांबीचें माप आडव्या पसरलेल्या एका हातापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत; म्हणजे सुमारें साडेतीन फूट. लांकूड दगडानें खरडून बारीक करावयाचें, टोंकें तापलेल्या दगडावर दाबून मागें वळवावयाचीं, आणि मग तें काळोखांत कोरड्या जागीं महिनेच्या महिने वाळूं द्यावयाचें. त्यानंतर हरणाच्या पायांतील स्नायु चावून चावून त्यांचे तंतु मोकळे करावयाचे आणि सॅमन माशाच्या कातड्याचा सरस करून ते धनुष्याच्या पाठीवर बसवावयाचे. झाडावर असतांना लांकडाचें जें टोंक वर होतें तेंच धनुष्यांतही वर राहिलें पाहिजे, नाहीं तर बाण चुकतो. धनुष्य उभें टेंकून ठेवूं नये, उभें राहिलें कीं तें काम करीत राहतें, त्यास घाम येतो व तें दुबळें होतें. कोणी तें ओलांडलें तर तें सरळ मारीत नाहीं. आपल्याकडे कित्येक घरांत आजही वाद्य ओलांडूं देत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार. आणि इशीचें धनुष्य वाद्यही होतेंच. त्याचें टोंक तोंडाशीं धरून तो दोरीवर बाणानें ताल धरी.

यांतील समजुती बाजूस ठेवल्या तरी कृतीच्या मुळाशीं पक्कें शास्त्र आहे. धनुष्य ओढलें म्हणजे त्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडील बाजू, ताणली जाते आणि ओढणाऱ्याकडील पोट दाबलें जातें. जुनिपर दाब सोसतें, पण ताणाखालीं फुटतें; म्हणून ताणाची बाजू स्नायूंवर सोंपविली. इंग्लंडांतील धनुष्यकारानें हेंच काम यू नांवाच्या झाडाकडून करून घेतलें. या झाडाचें सालीलगतचें पांढरें लांकूड ताण घेतें आणि आंतला तांबूस गाभा दाब सोसतो. एकाच फळींत दोन्ही गुण निसर्गानेंच जोडून ठेविले आहेत. म्हणून तर १४७२ च्या कायद्यानें इंग्लंडांत माल आणणाऱ्या जहाजांवर धनुष्याच्या फळ्या आणण्याची सक्ति केली होती. फळीच्या पाठीवर वाढीचें एकच वलय टोंकापासून टोंकापर्यंत अखंड राखावें लागतें. वाटेंत गांठ आली तर तिला वळसा घालावा लागतो, ती कापून चालत नाहीं. मग धनुष्य थोडें थोडें वांकवून पाहावयाचें, जेथें तें ताठ राहतें तेथें पोटाकडून खरडावयाचें, पुन्हां वांकवावयाचें. येथें हौशी माणसाची परीक्षा होते. जास्त खरडलेलें लांकूड परत लावतां येत नाहीं, आणि कमी खरडलेली जागा शेजारच्या जागेवर सगळा भार टाकून एखाद्या दिवशीं मोडते. आमच्याकडे भिल्लांचा वेळूचा कमठा पाहणाऱ्यांस हें सांगावयास नको. वेळूची साल त्याच्या पाठीवर शाबूत कां ठेवतात, याचें कारण हेंच.

इशी २५ मार्च १९१६ रोजीं क्षयानें वारला. त्याच्या देहाची चिरफाड होऊं नये असें क्रोबरनें न्यूयॉर्कहून लिहिलें होतें. पत्र पोंचण्यापूर्वींच शवविच्छेदन झालें आणि मेंदू काढून ठेवण्यांत आला. दहनाच्या वेळीं त्याच्याबरोबर एक धनुष्य, पांच बाण आणि ओकच्या फळांचें पीठ ठेविलें होतें. पोपनें त्याच्या दुखण्याचा वृत्तांतही पुढें १९२० मध्यें प्रसिद्ध केला. गुरूच्या धनुष्याची आणि गुरूच्या फुप्फुसांची नोंद एकाच लेखणीनें केली, ही गोष्ट वाचतांना मन अवघडतें. पण ज्यानें ती केली त्याचेंच प्रेम त्या दोन्ही लेखांत दिसतें, हेंही नाकारवत नाहीं.

पोप स्वतः मात्र इशीच्या धनुष्यावर राहिला नाहीं. त्यानें आपल्यासाठीं इंग्रजी तऱ्हेचीं लांब, यूचीं धनुष्यें केलीं, आर्थर यंग या मित्रासह त्यांनीं अस्वलें व सिंह मारले, आणि १९२३ सालीं शिकारीवर जें पुस्तक लिहिलें त्यांत धनुष्य घरीं कसें करावें याचें प्रकरण घातलें. अनेकांनीं तें पुस्तक समोर ठेवून पहिली फळी तासली. हा मोठा बदल होता. लंडनच्या उमरावांनीं १७८१ मध्यें धनुर्धरांची मंडळी स्थापिली, ते धनुष्य दुकानांतून घेत. अमेरिकेंत १८७८ सालीं मॉरिस थॉम्पसनच्या पुस्तकानें हौस वाढविली, ती मुख्यतः नेम मारण्याची. पोपनंतर घडविणें हीच हौस झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूचीं धनुष्यें आलीं आणि १९६९ मध्यें चाकांच्या धनुष्याचें पेटंट निघालें, तेव्हां लांकूड मागें पडलें. पण पुढें १९९२ पासून कांहीं हौशी कारागिरांनीं मिळून ग्रंथमालाच काढली, आणि जुनिपर, स्नायु व सरस यांचा विचार पुन्हां सुरू झाला.

छंद म्हणजे रिकामपणचा उद्योग असें आपण सहज म्हणतों. इशीस तो छंद नव्हता. धनुष्य चुकलें तर रात्रीं उपास. पोपला तो छंदच होता, दुपारच्या फावल्या वेळाचा. परंतु ज्यांना धनुष्याची खरी गरज होती त्यांस जगूं दिलें नाहीं, आणि ज्यांस गरज नव्हती त्यांच्याच हातीं ती विद्या उरली, ही या कथेंतील बोंचणारी गोष्ट आहे. पोपनें ती चोरली नाहीं, मागून घेतली. १९०८ च्या मोजणीवाल्यांत आणि त्याच्यांत हा फरक मोठा आहे. तरी देणाऱ्यास दुसरा शिष्य मिळण्याजोगा उरला नव्हता, हें विसरून ती देणगी मोजतां येत नाहीं.

इशीनें घडविलेल्या वस्तु कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाच्या संग्रहांत आहेत. त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या भांडारांत असल्याचें १९९९ मध्यें उघड झालें. २००० सालीं तो त्याच्या आप्त जमातींच्या स्वाधीन करण्यांत आला. त्यांनीं तो त्याच्या अस्थींसह डीअर क्रीकच्या मुलुखांत पुरला, आणि जागा कोणास सांगितली नाहीं.