सातपुड्यातील घर आणि त्याचे लाकूड

घरांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वाडे उभे राहतात. दगडी जोते, चौक, देवळ्या आणि तुळया. जे टिकते त्याचाच इतिहास लिहिला जातो, ही जगाची रीतच आहे. परंतु जी घरे एकदोन पिढ्यांनंतर मातीला मिळावीत, याच बेताने बांधलेली असतात, त्यांनाही इतिहास असतो. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला, तापी आणि नर्मदा यांच्यामधल्या डोंगरांत, अशी घरे आहेत. डोंगरावर लहानसे, निसर्गाला न दुखावणारे घर कसे बांधावे, असा प्रश्न हल्ली सुशिक्षितांना पडतो. त्याचे उत्तर शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. मात्र ते उत्तर केवळ वास्तुशास्त्राचे नाही, हे मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम प्रदेश पाहू. अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन तालुके म्हणजे सातपुड्याच्या घड्या. तोरणमाळ हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. डाब, मोलगीकडे कडाक्याच्या थंडीत पहाटेचे दव गोठते. उन्हाळा खानदेशाचाच, आणि पावसाळ्यात उतारावरून पाण्याचे लोट धावतात. सपाट जागा थोडी, आणि जी आहे ती पिकासाठी राखलेली. म्हणून भिल्ल व पावरा लोकांनी गावे दाटीने वसविली नाहीत. एकेक घर आपापल्या शेताशी, टेकाडाच्या सोंडेवर. अशी विखुरलेली घरे मिळून पाडा, आणि पाडे मिळून गाव.

या घराची रचना साधी आहे. भार सारा खांबांवर असतो, भिंतींवर नव्हे. सागाच्या मेढी जमिनीत रोवावयाच्या, त्यांच्या बेळक्यांत आढे बसवावयाचे, वर वासे व बांबूच्या कामट्या, आणि त्यावर गवत किंवा कौले. भिंत म्हणजे बांबूचा कूड, शेणमातीने लिंपलेला. छपराचे पाख खाली उतरत आलेले, त्यामुळे पावसाचा मारा कुडाला लागत नाही. चुलीचा धूर कुडाच्या फटींतून आणि छपरातून बाहेर पडतो. जाता जाता बांबूतली कीड मारतो आणि धान्य राखतो. त्याच धुराने चुलीपाशी बसणाऱ्या बाईचे डोळे व छाती बिघडते, हेही विसरता कामा नये. जुने ते सगळेच सोने नसते.

हे घर आकाराने आटोपशीर असते. ज्याच्या भोवती अंगण, शेत आणि रान आहे, त्याला भिंतींच्या आत फारसे मागावे लागत नाही. शिवाय घर गवंड्याकडून बांधून घ्यावयाचे नसते. शेजारपाजारचे लोक एकत्र येऊन ते उभे करतात. या परस्परांच्या श्रमाला नर्मदाखोऱ्यात 'लाह' म्हणतात. मजुरी द्यावयाची नाही. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. सोडवलेल्या खांब-वाशांतून पुन्हा दुसरे घर उभे राहते. म्हणजे हे घर तीन गोष्टींवर उभे होते : शेजाऱ्यांचे हात, पायांखालची माती, आणि रानातले लाकूड.

यांपैकी लाकडाचा इतिहास दुःखाचा आहे. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. भिल्लांना काबूत आणण्यासाठी 1825 मध्ये औट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारली गेली. पुढे 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलांची घडी बसवली, आणि 1927 च्या कायद्याने बांबूलाही झाड ठरविले. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. पण कायद्याने झाड म्हटल्यावर तो तोडणे व वाहून नेणे वनखात्याच्या परवानगीचा विषय झाला. ज्या लाकडावर पिढ्यानपिढ्या घरे उभी राहिली, ते आणणाऱ्याच्या डोक्यावर गुन्ह्याची टांगती तलवार आली.

दुसरा घाव पाण्याचा. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली 33 गावे आली. सारी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. 1979 च्या नर्मदा लवादाने विस्थापित कुटुंबाला घरासाठी 60 फूट बाय 90 फुटांचा भूखंड ठरवून दिला. कागदावर ही जागा काही लहान नव्हे. परंतु सोंडेवरचे विखुरलेले घर वसाहतीच्या आखीव रांगेत आले. 1993 च्या पावसाळ्यात मणिबेलीची घरे पाण्याखाली जाऊ लागली. विस्थापितांच्या काही वसाहतींत तात्पुरता निवारा म्हणून पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. पत्रा उन्हात तापतो, थंडीत गारठतो आणि पावसात कानठळ्या बसवतो. खांब बरोबर नेता येतात. खांब देणारे रान बरोबर नेता येत नाही.

अलीकडे काही बदलले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूसह गौण वनोपजावर वनवासी समाजाचा हक्क मान्य केला. 2017 मध्ये वनाबाहेर वाढणारा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला. दुसरीकडे, 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर धरले आहे. लहान घर हे आता शासनाचेही माप झाले. पक्के घर मागणाऱ्याला कोणी हसू नये. साप, वाळवी, आग आणि दरवर्षीची डागडुजी ज्याने सोसली, त्याला पक्क्या भिंतीची किंमत कळते. पण चांदसैलीच्या घाटाने सिमेंट व सळया वर चढवून बांधलेले घर त्याच डोंगराचे कसे व्हावे, हा प्रश्न उरतो.

पिठोरागडच्या डोंगरांत अनेक वर्षे काढलेले वास्तुकार लॉरी बेकर गांधीजींचा एक विचार सांगत : आदर्श घराचे साहित्य पाच मैलांच्या आत मिळावे. सातपुड्यात हा नियम कोणी शिकवावा लागला नाही. त्यात आज भर घालता येईल. खांब मातीत न पुरता दगडी बैठकीवर ठेवावा, बांबू पाण्यात मुरवून मग वापरावा, छप्पर कौलांचे असावे, चुलीला धुरांडे असावे. एवढ्याने घर लहान राहूनही सुखाचे होईल.

परंतु पाच मैलांतले साहित्य घ्यावयाचे, तर त्या पाच मैलांवर बांधणाऱ्याचा काही अधिकार हवा. नाहीतर तोरणमाळावर हौसेने कुडाचे बंगले उठतील, आणि ज्यांनी कूड विणण्याची कला जपली त्यांना मात्र एका वाशासाठी अर्ज करावा लागेल. डोंगरातल्या घराचा नकाशा काढणाऱ्याने आधी हे विचारावे, की याचे लाकूड कोणाच्या रानातले आणि कोणाच्या हक्काचे. त्याचे उत्तर नीट मिळाले, की भिंती किती लांब आणि छप्पर किती उंच, हे ठरविणे फारसे अवघड नाही.