नीतिसूत्रे

नीतिसूत्रे : बायबलच्या जुन्या करारातील ज्ञानपर ग्रंथ. अध्याय 31. परंपरा तो शलमोन राजाचा मानते. मात्र आगूर, लमुएल राजा व हिज्कीया राजाचे लेखक यांचेही उल्लेख ग्रंथातच आहेत. ईश्वराविषयीच्या आदरयुक्त भयातून ज्ञान उगवते, ही त्याची मूळ धारणा. ही श्रद्धा केवळ उपासनेपुरती नाही. तिची कसोटी बाजारात आणि घरात लागते. मापात पाप करू नये, दुसऱ्याच्या कर्जाला उतावीळपणे जामीन राहू नये, रागाला सौम्य उत्तर द्यावे, आळस टाकून मुंगीकडून उद्योग शिकावा, गरिबाला नाडू नये, असा उपदेश त्यात आहे. हप्त्यांचे कर्ज घेताना किंवा समाजमाध्यमावर संतापून लिहिण्यापूर्वी तो आजही तितकाच उपयोगी पडतो. अखेरच्या अध्यायातील कर्तबगार गृहिणी शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, वस्त्रांचा व्यापार करते आणि गरजूंना सढळ हाताने देते. अध्याय 31 असल्याने काही ख्रिस्ती भाविक महिनाभर रोज या ग्रंथाचा एक अध्याय वाचतात. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून, सामान्य वाचकांना कळेल अशा सोप्या मराठीत नीतिसूत्रांसह संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.