घाटाखालची वीज आणि जादा दाब

टाटांचे खोपोलीचे वीजघर ८ फेब्रुवारी १९१५ रोजी सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून खाली येई आणि वीज सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबाने परळला जाई. १९२२ मध्ये कर्जतजवळ भिवपुरीचे वीजघर उभे राहिले.

तारांचा मोठा शत्रू म्हणजे वळवाच्या पावसातली वीज. त्या काळच्या एका तडितरोधकात शिंगांसारख्या वाकवलेल्या दोन सळ्या असत, खाली जवळ, वर फाकलेल्या. दाब बेसुमार चढला की ठिणगी फट ओलांडून जमिनीत उतरे. मग तापलेल्या हवेबरोबर ज्योत वर सरके, लांबे आणि तुटे. उपाय साधा, पण ओबडधोबड.

कल्याण-पुणे रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण १९२९-३० च्या सुमारास, १५०० व्होल्टवर झाले. तेव्हा जादा दाबाचे आणखी एक कारण आले, तेही आकाशातले नव्हे. कर्जतकडे ३७ ला १ अशा उताराने येणारी इंजिने ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडत. ती घ्यायला चढणारी गाडी नसली की तारेतला दाब वाढे.

१९७० च्या दशकात झिंक ऑक्साइडचे तडितरोधक आले. नेहमीच्या दाबाला ते जवळजवळ बंद असतात, जादा दाबाला क्षणात वाट देतात. विजेवरच्या गाड्यांच्या चार्जरमध्ये याच पदार्थाच्या छोट्या चकत्या असतात. त्या क्षणिक लाट झेलतात. दाब बराच वेळ चढलेला राहिला तर मात्र तापून निकामी होतात, म्हणून पुरवठा तोडणारी वेगळी यंत्रणा लागते.