बाहीवरची चांदी

भाचा डिझाइन शिकतो. गेल्या महिन्यात रात्री अकराला त्याचा फोन.

"मामा, झोपला नाहीस ना? रोइंगची परंपरा म्हणजे नक्की काय असतं?"

आता हा काय प्रश्न झाला! पण कॉलेजात विषयच तसा मिळाला होता. नौकानयनाच्या परंपरेवरून प्रेरणा घेऊन आजच्या काळातलं मनगटी घड्याळ डिझाइन करायचं. पठ्ठ्याने पहिलं स्केच पाठवलं. गडद निळी तबकडी, फिकट निळे काटे, पट्टा मात्र लाल-पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांचा. म्हणजे ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्लेझर एकाच मनगटावर. :)

त्याला दोष कसा देणार? बाजारातही हेच आहे. २०२१ मध्ये सायकोने 'रोइंग ब्लेझर्स' या अमेरिकी कपड्यांच्या ब्रँडबरोबर रंगीबेरंगी घड्याळं काढली होती. आणि 'ब्लेझर' हा शब्दच मुळी केंब्रिजच्या लेडी मार्गारेट बोट क्लबच्या भडक लाल कोटांवरून आला असं मानतात. ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यत १८२९ मध्ये सुरू झाली, हेन्लीची रेगाटा १८३९ मध्ये. त्यामुळे परंपरा म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ती कोट घातलेली कॉलेजकुमार मंडळी.

पण मंडळी, थेम्स नदीत वल्ही मारणारे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून होते. ते पोटासाठी मारत.

१७१५ सालच्या लंडन शहरात नदीवर पूल एकच, लंडन ब्रिज. बाकी सगळी ये-जा नावाड्यांच्या जिवावर. थॉमस डॉगेट नावाचा एक आयरिश विनोदी नट होता. राजा पहिला जॉर्ज गादीवर आल्याला वर्ष झालं, म्हणून त्याने त्या वर्षी १ ऑगस्टला शर्यत लावली. लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंत, साधारण साडेसात किलोमीटर. भाग घ्यायचा तो शिकाऊपण संपवून नुकत्याच सुट्या झालेल्या तरुण नावाड्यांनी. तेव्हाच्या जड प्रवासी होड्या, त्यात ओहोटीच्या उलट वल्हवायचं, दोन-दोन तास लागत. (आता भरतीबरोबर, हलक्या होड्यांतून, अर्ध्या तासात होते.) जिंकणाऱ्याला कोट आणि चांदीचा बिल्ला. बिल्ल्यावर हॅनोव्हरचा घोडा आणि 'लिबर्टी' हा शब्द. डॉगेटने मृत्युपत्रात पैसे ठेवले, आणि शर्यत आजही चालू आहे.

आता गंमत बघा. हा चांगला भलामोठा बिल्ला छातीवर लावत नाहीत, तो असतो बाहीवर. घड्याळ यायच्या कितीतरी आधी नावाड्याच्या हातावर गोल चांदी होती! मी भाच्याला म्हटलं, अरे, तुझी तबकडी इथे आहे, तू पट्ट्यात काय शोधतोयस?

तो म्हणाला, "पण मग हे लोक फोटोत का दिसत नाहीत?"

याचं उत्तर जरा कडू आहे. १८७९ मध्ये हेन्लीने 'हौशी' खेळाडूची व्याख्या केली. होडीवर पगारी काम केलेला माणूस हौशी नाही. इथपर्यंत ठीक. पण कारागीर, मेकॅनिक, मजूर हेही नाहीत! म्हणजे विटा रचणाऱ्याने होडी कधी पैशांसाठी वल्हवली नसली तरी तो बाद. १९२० मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन केलीचा अर्ज नाकारला, त्यात त्याच्या क्लबशी जुना वाद होता आणि त्याचं गवंडीकामही होतं. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केलीने दोन सुवर्णपदकं घेतली. मजुरांची अट निघाली ती १९३७ मध्ये. १९४७ मध्ये त्याच्या मुलाने हेन्लीचीच डायमंड स्कल्स जिंकली. (मुलगी ग्रेस केली, ती पुढे मोनॅकोची राजकन्या झाली. असो.)

हे सांगताना मला आपला दत्तू भोकनळ आठवत होता. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी भाग. वडिलांबरोबर विहिरी खोदायची कामं केलेला मुलगा. फौजेत गेला, मग पुण्यात होडीत बसला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला तेरावा आला, २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या होडीत सुवर्ण. १८७९ च्या त्या नियमापुढे हा मुलगा फाटकाबाहेरच उभा राहिला असता.

यानंतर भाच्याने स्केच फाडलं आणि कामाला लागला. दोन अडचणी खरोखर मजेशीर निघाल्या. वल्हं पाण्याबाहेर काढून आडवं करताना मनगट मुडपतं, तेव्हा तीनच्या बाजूची चावी हाताच्या पाठीत रुतते. म्हणून चावी डावीकडे घेतली. दुसरी अडचण आकड्यांची. कोचच्या स्टॉपवॉचवर मिनिटाला किती स्ट्रोक पडतात ते थेट वाचता येतं: तीन स्ट्रोकना सहा सेकंद लागले की वेग तीस. पण हे तबकडीवर मांडलं तर १८ ते ३६ हे सगळे आकडे पाचव्या आणि दहाव्या सेकंदाच्या फटीत कोंबावे लागतात, मुंग्यांसारखे. मग आम्ही तीनऐवजी दहा स्ट्रोक मोजायचे ठरवले. ४० आला पंधराव्या सेकंदावर, २० आला तिसाव्यावर. पाव तबकडी मोकळी मिळाली! अर्धा तास आम्ही दोघं फोनवर भागाकार करत होतो. शेवटी ताई ओरडली, तेव्हा थांबलो.

परवा काम जमा झालं. चांदीसारखी साधी गोल केस, मागे घोडा नाही, फक्त वल्हं. सर म्हणाले, पट्ट्यांचं घड्याळ जास्त खपलं असतं. ते खरंही असेल.

पट्टा मात्र त्याने लालच ठेवलाय. ब्लेझरचा नाही, डॉगेटच्या कोटाचा, असं म्हणतो. आता तो कोट सुरुवातीला नारिंगी होता हे त्याला कोण सांगणार?